वादकानेच वादकांचे परीक्षण करावे का?

प्रश्न (दारव्हा तालुका, जि. यवतमाळ):
आमच्या गावच्या खंजेरी भजन स्पर्धेत यंदा एका परीक्षकाचे शिष्यच एका मंडळात गात होते, त्यामुळे निकालावरून बराच वाद झाला. पोलंडमधील वॉर्सा येथील शोपाँ पियानो स्पर्धेत (तिथे संगीतकार शोपाँ यांच्याच रचना वाजवतात) तर नामवंत पियानोवादकच परीक्षक असतात. तिथे ही अडचण कशी सोडवतात, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १:
तिथे परीक्षक स्वतःच्या शिष्याला गुण देत नाहीत. २०२१ चा विजेता ब्रूस लिऊ हा परीक्षक दांग थाय सोन यांचाच शिष्य होता.

उत्तर २:
मला पक्षपातापेक्षा अभिरुचीचा प्रश्न मोठा वाटतो. ज्याने शोपाँच्या रचना वर्षानुवर्षे स्वतः वाजवल्या आहेत, त्याला पियानोचे पेडल (सूर लांबवणारी पायपट्टी) किंचित उशिरा सुटल्याने धूसर झालेला सूरही लगेच खटकतो. पण त्याच रियाजामुळे ती रचना कशी वाजावी याविषयी त्याचे मत पक्के झालेले असते. १९८० साली स्पर्धक इव्हो पोगोरेलिच अंतिम फेरीत पोहोचले नाहीत, तेव्हा १९६५ च्या विजेत्या मार्था आर्गेरिच यांनी परीक्षकपद सोडले होते. अशा मतभेदांवर कोणताही नियम पुरा पडत नाही, म्हणूनच परीक्षक अनेक आणि वेगवेगळ्या घडणीचे असावेत.

उत्तर ३:
आपल्याकडेही कलावंतच परीक्षक असू द्यावेत. मात्र सूर, ताल, शब्दोच्चार यांच्या रकान्यांत शिष्यांच्या मंडळापुढे त्या परीक्षकाने काहीही लिहू नये आणि निकाल बेरजेवर न लावता उरलेल्या परीक्षकांच्या सरासरीवर लावावा, नाहीतर त्या मंडळावर उलट अन्याय होईल.