मदत हवी आहे : 'ट्वेल्थ फेल' दाखवून मुलांशी काय बोलावं?

नमस्कार मंडळी. कर्नाटकातल्या निपाणीजवळच्या आमच्या गावात दहावीच्या मुलांना वाचनालयात 'ट्वेल्थ फेल' (२०२३) दाखवणार आहोत. बऱ्याच जणांच्या आया विड्या वळतात, त्यामुळे सिनेमा भिडणार. धास्ती आहे ती नंतरच्या चर्चेची. "सिनेमातला मनोज पिठाच्या गिरणीत राबून आयपीएस झाला, तुम्हीही जिद्द धरा," एवढं बोलून पाहुणे चहाला उठतात.

मला सुरुवातच जास्त बोचते. चंबळच्या त्या शाळेत मास्तरच कॉपी करू देतात, मग एक प्रामाणिक डीएसपी येतो आणि पोरं नापास होतात. पण मुळात शिकवलंच नव्हतं, त्याचं काय? पुढे हिंदी माध्यमाचा न्यूनगंड. आपल्या पोरांना तर घरात मराठी, कचेरीत कन्नड आणि मुलाखतीत इंग्रजी!

यावर मुलं बोलती होतील असे चार-पाच प्रश्न कुणी सुचवेल का? खानापूर-बेळगावकडच्या शिक्षकांनी असा कार्यक्रम केला असेल तर जरूर सांगा. आणि हो, त्याआधी जातिभेदावरचा 'फँड्री' (२०१३) दाखवावा का? आमचे एक सर म्हणतात, पालक बिथरतील. मला काही ते पटत नाही.