आंतरराज्य मालवाहतूक: मार्ग आणि मुक्काम कसे आखावेत?

प्रश्न: आमचा नॅशनल परमिटचा ट्रक प्रथमच चार राज्ये ओलांडून 1,900 किलोमीटरवर माल नेणार आहे. चालक एकटाच आहे. नियोजन कसे करावे?

उत्तर: आधी चालकाचे तास मोजा, मग रस्ता पाहा. 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात दिवसाला आठ तासांचे काम आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती होती; 2025 मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली, पण हिशेबाला आठ तासच धरा. भरलेल्या गाडीचा सरासरी वेग ताशी 45 किलोमीटर धरला, तर सहा दिवस लागतील. व्यापाऱ्याला तारीख देण्यापूर्वीच हा हिशेब करा. कारण शब्द दिला गेला की चालक पहाटे तीनला डोळ्यांवर पाणी मारत गाडी ओढतो, हे मी केबिनमध्ये शेजारी बसून पाहिले आहे.

पुढे कागदपत्रे. ई-वे बिलाला (मालासोबत ठेवायचे जीएसटीचे ऑनलाइन वाहतूक बिल) दर 200 किलोमीटरला एक दिवसाची मुदत असते, म्हणजे तुम्हाला दहा दिवस मिळतील. बिघाडामुळे उशीर झाल्यास मुदतीच्या आधीच्या किंवा नंतरच्या आठ तासांत ती वाढवून घ्यावी. गाडी बदलल्यास बिलाच्या भाग ब मध्ये नव्या गाडीचा क्रमांक भरावा.

शेवटी, निघण्यापूर्वी वजनकाट्यावर भरलेल्या गाडीचे वजन करून पावती जवळ ठेवा आणि वाटेतल्या शहरांत ट्रकला नो एन्ट्री असण्याच्या वेळा पाहूनच मुक्काम ठरवा.