लॅबचे केस घरभर होतात, घरच्या घरी निगा कशी ठेवावी?

पाचोरेकर

नमस्कार मंडळी. आमच्याकडे पिवळी लॅब्राडोर आहे, चिंगी. दोन वर्षांची झाली. आणताना सगळे म्हणाले होते, आखूड केसांची आहे, काही करावं लागत नाही. आता गादीवर केस, सतरंजीवर केस, वरणाच्या वाटीत केस. आजीच्या देवघरापर्यंत उडत गेले की दिवसभर ऐकावं लागतं. आई दर रविवारी घरातल्याच शाम्पूने तिला अंघोळ घालते, तरी गळणं तसंच, आणि आता शेपटीच्या वरच्या भागात पांढरा कोंडा दिसायला लागलाय. पार्लरसाठी जळगावला न्यावं तर गाडीत ओकते. शेजारचे काका म्हणतात, उन्हाळा लागतोय, मशीन फिरवून सगळे केस काढून टाका, तिलाही गार वाटेल. काढावेत का? ब्रश कोणता घ्यावा, अंघोळ किती दिवसांनी घालावी? सविस्तर सांगा, घरात सगळे वाचणार आहेत.

केळीबाग_चोपडा

भाऊ, आधी ते मशीन काकांना परत द्या.

लॅबच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. वर राठ, तुकतुकीत, पाणी न धरणारे केस आणि त्याखाली दाट मऊ लव. घरभर उडते ती बहुतेक ही लव. भादरलं म्हणून गळणं थांबत नाही. गळणारा केस तेवढा आखूड होतो आणि चादरीत असा रुततो की झटकूनही निघत नाही. पुढे लव भराभर वाढते, वरचे केस मागे राहतात, कधीकधी चट्ट्याचट्ट्यांनी येतात. आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या वर जातो हो! त्या उन्हात उघडी कातडी भाजते. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, जीभ काढून धापा टाकूनच तो गार होतो. केस उतरवून त्याला गारवा कुठून मिळणार?

आमच्या मळ्यात लॅब झाली, डॅशहुंड झाला, गावठी तर कायमच आहेत. या आखूड केसांच्या जनावरांना पाणी कमी आणि हात जास्त लागतो, हे मी ठामपणे सांगते. माझे सासरे बैलांना रोज खरारा करायचे, पोळ्याची वाट बघत बसायचे नाहीत. कुत्र्याचंही तेच. फक्त गुरांचा लोखंडी खरारा कुत्र्याला लावू नका, कातडी सोलवटते. जाड, बोथट रबरी दात्यांचा ब्रश मिळतो, तो घ्या. हातमोजासारखाही येतो, पण मला मुठीत धरायचा बरा वाटतो, दाब कळतो.

संध्याकाळी ऊन उतरलं की ओट्यावर बसवा, घरात नको. मानेपासून सुरुवात करून हलक्या हाताने गोल गोल फिरवत मागे जायचं. धूळ, मेलेली कातडी, सुटलेली लव सगळं वर येतं. दात्यांत नमद्यासारखा गोळा बसतो, तो अंगठ्याने सोलून पिशवीत टाकायचा, नाहीतर वाऱ्याने परत घरात. मान आणि मांड्यांची मागची बाजू, इथे सगळ्यात जास्त लव असते आणि घाईत नेमकं तेच राहतं. पोट, काखा, पायाची हाडं इथे रबरी ब्रश नको, नुसता हात फिरवा. मग साध्या केसाळ ब्रशने केसांच्या ओढीने चार हात मारा आणि शेवटी ओलसर पंच्याने अंग पुसा. दहा मिनिटांचं काम. थंडी ओसरताना आणि पावसाळा संपताना लव झपाट्याने सुटते, तेव्हा रोज. एरवी आठवड्यातून तीनदा केलं तरी पुष्कळ.

अंघोळ महिना-दीड महिन्याने. आईंना म्हणावं, राग मानू नका, पण दर रविवारी नको, आणि माणसांचा शाम्पू तर नकोच. कुत्र्याची कातडी आपल्यापेक्षा पातळ असते आणि तिचा आंबटपणा आपल्या कातडीइतका नसतो, म्हणून आपल्यासाठी बनवलेला माल तिला कोरडी पाडतो. कुत्र्यांचा साधा शाम्पू आणा आणि मगात पातळ करून लावा, म्हणजे मुळापर्यंत पोचतो. अंगाचा साबण बोअरच्या जड पाण्यात फुटतो आणि त्याची साय केसांत बसते, तोही नको. आणखी एक, आपल्याकडे उन्हाळ्यात गच्चीवरची टाकी एवढी तापते की दुपारी नळाला चटका बसतो. अंघोळ सकाळीच घाला आणि पाणी आधी स्वतःच्या मनगटावर घ्या. धुवायला शाम्पू लावण्याच्या दुप्पट वेळ द्या. बोटांनी केस उलटे करून बघा, बुळबुळीत लागलं तर अजून शाम्पू आहे. लॅबची लव आत बराच वेळ ओली राहते. टॉवेलने दाबून टिपायचं, सावलीत पंख्याखाली पूर्ण वाळवायचं. ओलीच झोपली तर कातडीला वास येतो, खाज सुटते, खाजवून जखम होते.

हात फिरवायला सांगते त्याचं खरं कारण गोचीड. कानाच्या पाळीच्या आत, पट्ट्याखाली, काखेत, शेपटीखाली, पायाच्या बोटांच्या बेचक्यात, सगळीकडे बोटांची टोकं फिरली पाहिजेत. लहान गोचीड तिळाएवढा असतो, दिसायच्या आधी हाताला लागतो. चिमट्याने अगदी कातडीजवळ धरून सरळ, सावकाश ओढा. पिळू नका, नखाने चिरडू नका, रॉकेल किंवा काडी तर अजिबात नाही. काढलेला स्पिरिटच्या बाटलीत टाका. रक्त पिऊन फुगलेली मादी खाली पडते आणि भिंतीच्या भेगेत, उंबऱ्यापाशी हजारो अंडी घालते. तेव्हा कुत्रीच्या अंगाबरोबर तिची झोपायची जागाही बघा. गोणपाट उन्हात टाका, भेगा बुजवा.

गुरांचा_दवाखाना_धुळे

ताईंनी छान सांगितलं आहे. मी पशुवैद्यक आहे, कोंड्याबद्दल तेवढं लिहितो. दर आठवड्याची अंघोळ आणि माणसांचा शाम्पू बंद केल्यावर नुसता कोरडेपणाचा कोंडा बहुधा तीन-चार आठवड्यांत कमी होतो. पण सोबत खाज असेल, गोल चट्टे पडून केस जात असतील, कातडी लाल किंवा तेलकट वासाची असेल, तर शाम्पू बदलत बसू नका. खरूज आहे की बुरशी हे कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावरच कळतं, आणि दोन्हींची औषधं वेगळी आहेत.

एक कळकळीची विनंती. गुरांच्या गोचिडावरचं औषध बादलीत अंदाजाने ओतून कुत्र्याला चोळणं थांबवा. मात्रा चुकली की थरथर, लाळ, झटके येतात. अशी कुत्री उन्हाळ्यात आमच्याकडे येतातच. घरात मांजर असेल तर धोका आणखी मोठा, कारण त्यातली काही औषधं मांजराला थोड्या मात्रेतही मारक ठरतात. कुत्र्याच्या वजनाप्रमाणे मानेवर सोडायचे थेंब किंवा पोटात द्यायची गोळी मिळते, ती वजन करूनच घ्या. थेंब सोडले तर आधी दोन दिवस आणि नंतर दोन दिवस अंघोळ नको. गोचीड झाल्यावर ताप आला, खाणं सुटलं, हिरड्या पांढऱ्या पडल्या, नाकातून रक्त आलं किंवा लघवी गडद झाली, तर त्याच दिवशी रक्त तपासा. गोचिडातून होणाऱ्या तापात एक दिवस फार महत्त्वाचा असतो.

शिरपूरना_आबा

पोरा, आमना कुत्राले बी असंच केस गयतस. ताई सांगी ऱ्हायनी ते कर.

माझं एकच सांगणं, शेताकडे नेत असशील तर कुसळ. पाऊस गेला, गवत वाळलं की कुसळ बोटांच्या बेचक्यात आणि कानात शिरतं, आणि त्याची टोकं अशी की ते आतच सरकतं, मागे येत नाही. कुत्रा एकच पाय सारखा चाटत बसला किंवा मान वाकडी करून डोकं झटकू लागला तर लगेच बघ. गोखरू पंजात रुतलं तर दिसतं, काढता येतं. कुसळ कानात गेलं तर स्वतः कोरू नको, डॉक्टरकडे जा. बांधावरून आल्या आल्या चारही पाय पाण्यात बुडवून बोटं फाकवून बघायची सवय लाव.

पाचोरेकर

सगळ्यांचे मनापासून आभार. आईने वाचलं आणि शाम्पूची बाटली स्वतःच बाजूला ठेवली. रबरी ब्रश आणला, पाठीवर चालतो, पण मांडीला लावला की चिंगी उठून पळते. आणि ताई, नखांचं राहिलं. मागच्या पायाची नखं फिकट आहेत, पुढची काळी. फरशीवर टकटक वाजतात. कानांचंही सांगा.

केळीबाग_चोपडा

पळू दे, धरून ठेवू नका. भाकरीचे बारीक तुकडे खिशात ठेवा. मांडीला ब्रश नुसता टेकवा, तुकडा द्या, संपलं. दुसऱ्या दिवशी एक हात फिरवा, पुन्हा तुकडा. ती उठायच्या आधी आपण थांबायचं. कांदा-लसूण लागलेलं काही देऊ नका, मनुका तर मुळीच नाही, कुत्र्याला विषासारख्या असतात.

नखं वाजतात म्हणजे वाढलीत. फिकट नखात आतली गुलाबी शीर दिसते, तिच्या अलीकडेच थांबायचं. काळ्या नखाचं टोक तांदळाएवढंच कापायचं आणि दर वेळी समोरून बघायचं. कापलेल्या जागी मधोमध काळसर ओलसर ठिपका दिसू लागला की पुढे शीर आहे. कुत्र्यांचं नेलकटर घ्या, माणसांचं नख चपटं करून फोडतं. आणि जवळ तुरटीची पूड ठेवा. रक्त आलं तर चिमूटभर दाबून धरा, थांबतं. एका बैठकीत एकच पंजा झाला तरी चालेल. आतल्या बाजूला वर जे पाचवं नख असतं ते जमिनीला लागत नाही, झिजत नाही, वळून मांसात शिरतं. ते विसरू नका.

कान लॅबचे पडलेले, हवा लागत नाही. अंघोळीच्या वेळी कापसाचा बोळा कानाच्या तोंडाशी ठेवा, आत कोंबू नका, आणि संपल्यावर आठवणीने काढा. आठवड्यातून एकदा पाळी उलटी करून कुत्र्यांच्या कानाच्या द्रावणाने ओला केलेला कापूस बोटाला गुंडाळून, दिसतं तेवढंच पुसा. काडी आत घालायची नाही. कापसाला थोडा तपकिरी मळ लागला तर ठीक. काळा चुरा निघाला, आंबूस वास आला किंवा हात लावल्यावर ती कळवळली, तर पुसणं थांबवा आणि पाचोऱ्याच्याच दवाखान्यात दाखवा, जळगावपर्यंत ओकत न्यायची गरज नाही.