रॉयल ओक बाजूला काढलं तर ऑडेमार पिगेकडं उरतंय काय?

टिळकवाडीकर:
काल कॅम्पात चहाला बसलो असता मित्राशी वाद झाला तो इथं टाकतोय. माझं म्हणणं, ऑडेमार पिगे ही स्वित्झर्लंडची घड्याळ कंपनी आता एका घड्याळाची, रॉयल ओकची, कंपनी झालीय. १९७२ ला जेराल्ड जेंटा या डिझायनरनं काढलेलं ते अष्टकोनी बेझल (काचेभोवतीची कडा), त्यावर आठ स्क्रू, स्टीलचं असून सोन्याच्या घड्याळांपेक्षा महाग, सगळं मान्य. पण पुढं काय? ९३ ला रॉयल ओक ऑफशोअर आलं, ते त्याचंच पैलवान भावंड. आपल्याकडं बेळगावात कसं, पाहुणा आला की कुंदा बांधून द्या म्हणतंय, दुसरं काय विचारतच नाही, तसं झालंय.

खानापूरचा मांडेखाऊ:
दादा, कुंद्याचं तुम्हीच काढलं ते बरं झालं. नाव कुंद्याचं, पण हात बघायचा तर पालथ्या खापरावर मांडे भाजणारी बाई बघा की! १९७८ ला क्वार्ट्झनं, म्हणजे बॅटरीवरच्या घड्याळांनी, स्विस घड्याळवाल्यांचं कंबरडं मोडलं होतं आणि हे लोक स्वित्झर्लंडातल्या ल ब्रासूच्या त्या थंड गावात बसून ३.९५ मिलिमीटर जाडीच्या ऑटोमॅटिक (हाताच्या हालचालीनं चावी भरणाऱ्या) मशीनमध्ये परपेच्युअल कॅलेंडर बसवत होते, लीप वर्ष सुद्धा आपोआप धरतंय, २१०० पर्यंत तारखेला हात लावायला नको. आणि ते आलं साध्या गोल घड्याळात. रॉयल ओकला मिळालं मागनं, १९८४ ला.

टिळकवाडीकर:
कसब नाही कोण म्हणतंय? मी ओळखीचं बोलतोय. २०१९ ला कोड ११.५९ हे नवं घड्याळ आणलं मोठ्या थाटात, लोकांनी धू धू धुतलं. वरनं गोल केलं खरं पण मधली केस बघा, परत अष्टकोनीच! स्वतःलाच भरवसा नाही बघा.

शहापूरचा घड्याळवाला:
दोघंबी बाहेरनंच बघालाय. रॉयल ओकचे ते आठ स्क्रू फिरतच नाहीत, षटकोनी डोकी षटकोनी खाचेत बसलीत, आवळायचं मागनं, म्हणून तर वरच्या रेघा इतक्या नीट जुळतात. आणि जंबोतलं, म्हणजे मूळ पातळ रॉयल ओकमधलं, २०२१ पर्यंतचं मशीन आणि मांडेखाऊंचं ते कॅलेंडर, दोन्हीचा पाया एकच, मूळ जेगर-लकुल्त्र या दुसऱ्या स्विस कंपनीचा.

मांडेखाऊ:
ओ मामा, पाया दुसऱ्याचा म्हणून घर दुसऱ्याचं होतंय काय? बरं ते सोडा, १९८६ चं ऑटोमॅटिक टूरबियाँ (वेळ अचूक राहावी म्हणून मशीनचा ठोके देणारा भागच गोल फिरवणारी रचना) घ्या, मनगटावरचं तसलं पहिलंच, त्यात केसचं मागचं झाकणच मशीनची प्लेट. अष्टकोन कुठंच नाही.

टिळकवाडीकर:
हे चारचौघांत किती जणांना माहिताय?

मांडेखाऊ:
आता तुम्हाला झालं की.

शहापूरचा घड्याळवाला:
भांडा निवांत. एचएमटी जनता घड्याळाचा बॅलन्स स्टाफ (बॅलन्स चक्राचा बारीक दांडा) कोणाकडं असला तर सांगा तेवढं, गिऱ्हाईक आठवडाभर डोकं खातंय, वडलांचं घड्याळ हाय म्हणे.