पेंढा नको, सांगाडेच हवेत

संग्रहालयात प्राण्यांचे सांगाडे पाहून मुलं कंटाळतात, त्यापेक्षा पेंढा भरलेले प्राणी ठेवा, हे मत अजिबात पटलं नाही. कातडीखाली सगळी रचनाच झाकली जाते. देवमाशाच्या वल्ह्यासारख्या परांमध्ये बोटांची हाडं असतात, हे सांगाड्याशिवाय दिसणार कसं?

इथे नाशिकला आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये मांजराचा सांगाडा होता. त्याचं हासळीचं (गळ्याखालचं, खांद्याजवळचं) हाड म्हणजे जेमतेम वाकडी काडी, बारीक तारेनं वेगळं अडकवलेलं. कारण ते दुसऱ्या कुठल्याच हाडाला सांध्यानं जोडलेलं नसतं, स्नायूंतच असतं. बिबट्याचंही तसंच, म्हणून तर खांदे आवळून तो चिंचोळ्या फटीतून निघून जातो. निफाडच्या उसात बिबट्या दिसला की आपल्याकडे किती चर्चा होते! तिथल्या शाळांतल्या मुलांना तरी हे हाड जवळून दाखवायलाच हवं.