जनुक-संपादन कंपन्यांच्या शेअरमध्ये चार लाख रुपये घालावेत का? (चौघांची चर्चा, नावे बडोद्यातील वस्त्यांवरून)

मांडवीकर
बडोद्यातील एका औषध कंपनीच्या गुणनियंत्रण विभागात मी 31 वर्षे काढली आणि तीन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. मुलीचे लग्न झाले, घराचे हप्ते फिटले, आणि ज्यांच्यावाचून माझे काही अडणार नाही असे चार लाख रुपये बँकेत पडून आहेत. ते अमेरिकी बाजारातील जनुक-संपादन कंपन्यांमध्ये घालावेत, असे माझे मत बनत चालले आहे. हा सट्टा आहे हे मला ठाऊक आहे. तो करण्याजोगा आहे का, एवढाच प्रश्न आहे.

डाउडना आणि शार्पेंटियर या शास्त्रज्ञांचा, जनुक कापून बदलणाऱ्या क्रिस्पर तंत्रावरील शोधनिबंध 2012 चा, त्यांचे नोबेल 2020 चे, आणि 2023 च्या नोव्हेंबरात ब्रिटनने व डिसेंबरात अमेरिकेने सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकारावरील, क्रिस्पर थेरप्युटिक्सच्या ‘कॅसजेवी’ या उपचाराला मंजुरीही दिली. ज्याने एकेका साध्या गोळीचे स्थिरता-अहवाल वर्षानुवर्षे तपासले आहेत, त्याला या वेगाचे अप्रूप वाटल्यावाचून राहत नाही. त्यात 2025 च्या मे महिन्यात फिलाडेल्फियाच्या डॉक्टरांनी एका बाळाच्या जनुकातील नेमका दोष दुरुस्त करणारा, केवळ त्याच्यापुरता उपचार सहा महिन्यांत तयार केल्याचे जाहीर केले. असे असूनही क्रिस्पर थेरप्युटिक्सचा जो शेअर 2021 च्या जानेवारीत 200 डॉलरच्या वर होता, तो 2025 च्या एप्रिलात 40 च्या खाली आला. 2021 मध्ये कंपनीच्या हाती एकही मंजूर औषध नव्हते, आता आहे. माल सुधारला आणि भाव पडला, तर घेणाऱ्याने का थांबावे?

दांडियाबाजार
मांडवीकर साहेब, आपण माल पाहिलात, वही पाहिली नाहीत. मी लेखापाल आहे, जनुकांतले मला कळत नाही. परंतु विक्री जवळजवळ शून्य असलेली कंपनी वर्षानुवर्षे चाचण्यांचा खर्च कशातून भागवते, हे कळते. ती नवे शेअर काढते. दर वेळी ताकात पाणी पडते आणि आपल्या वाटीतले ताक पातळ होते. म्हणून 2021 चा भाव आणि आजचा भाव यांची नुसती तुलना फसवी आहे. शेअरची संख्या दोन्ही वर्षी किती होती, ते आधी पाहावे.

व्हर्व थेरप्युटिक्सचेच घ्या. यकृतातील एक जनुक बंद करून कोलेस्टेरॉल कायमचे उतरवण्याची त्यांची कल्पना. 2021 च्या जूनमध्ये त्यांनी पहिल्यांदा लोकांना 19 डॉलरला शेअर विकले. चार वर्षांनी एलाय लिली या बड्या औषध कंपनीला ती कल्पना इतकी पटली की तिने अख्खी कंपनीच उचलली, पण साडेदहा डॉलर रोख आणि पुढे अट पुरी झाली तर फार तर तीन डॉलर, या दराने. म्हणजे शास्त्र जिंकले तरी पहिल्या दिवशीचा भागधारक तोट्यातच राहिला. इंटेलिया या दुसऱ्या जनुक-संपादन कंपनीचा शेअर तर 27 ऑक्टोबर 2025 रोजी, चाचणीतील एका रुग्णाच्या यकृताला गंभीर इजा झाल्याची बातमी येताच, एका दिवसात 40 टक्क्यांहून अधिक कोसळला. आपण झोपेतून उठेपर्यंत सगळे आटोपलेले असते, कारण तो बाजार आपल्या रात्री चालतो.

आणि ज्या कॅसजेवीच्या भरवशावर आपण बोलता, तिच्या नफ्यातील 60 टक्के भागीदार कंपनी व्हर्टेक्सचे असून क्रिस्पर थेरप्युटिक्सकडे 40 टक्केच येतात.

फतेगंज
परदेशात पैसा नेण्याऐवजी देशातच का घालू नये? ‘बिरसा 101’ हा सिकलसेलवरील देशी क्रिस्पर उपचार 2025 च्या नोव्हेंबरात जाहीर झाला आणि त्याचे तंत्रज्ञान सीरम इन्स्टिट्यूटकडे सोपवले गेले.

दांडियाबाजार
सीरम शेअर बाजारात नोंदलेली नाही. अभिमान बाळगावा, शेअर मिळणार नाही.

निजामपुरा
मी तंत्रज्ञ म्हणून ज्या प्रयोगशाळेत काम करते, तिथे छोटा उदेपूर जिल्ह्याकडून सिकलसेलचे नमुने येतात. परीक्षानळीमागे काळ्या रेघांचा कागद धरायचा असतो. द्रव गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या की सिकलसेलची शंका येते, म्हणून पुढची तपासणी लिहून द्यावी लागते, आणि बाहेर बाकावर बसलेल्या आईला ते सांगावे लागते. म्हणून मांडवीकर काकांना एकच विचारते: या कंपन्यांची बाजारपेठ मोजताना आपण ही मुले धरली आहेत का? कॅसजेवीची अमेरिकेतील किंमत 22 लाख डॉलर, म्हणजे सुमारे वीस कोटी रुपये आहे. शिवाय ती टोचून घरी जाण्याची लस नव्हे. रुग्णाच्या रक्त बनवणाऱ्या मूळपेशी काढून बाहेर दुरुस्त करायच्या, मग केमोथेरपीने त्याची अस्थिमज्जा रिकामी करायची, आणि त्या परत सोडून कित्येक आठवडे त्याला रुग्णालयात जपायचे. रुग्णसंख्येला किमतीने गुणून जे आकडे दाखवले जातात, त्यांत आजारी माणसे खरी असतात, गिऱ्हाईक खरे नसते.

मांडवीकर
ताई, आपला मुद्दा मला लागला आणि मी तो मान्य करतो. रुग्णसंख्येचा गुणाकार मी केला होता. लेखापाल साहेबांचा शेअर-संख्येचा आक्षेपही बरोबर आहे. काल रात्री वार्षिक अहवाल उघडून पाहिले, संख्या वाढलेली आहे.

तरीही व्हर्वच्या उदाहरणातून निघणारा निष्कर्ष मला पटत नाही. लिलीची बातमी येण्याच्या आदल्या दिवशी तो शेअर साडेसहा डॉलरच्याही खाली होता. 19 ला घेणारा बुडाला, पण पडझडीत घेणाऱ्याला साडेदहा मिळाले. शिवाय मूळपेशी बाहेर काढण्याचा हा खटाटोप टाळून, सलाईनमधून औषध देऊन शरीराच्या आतच दुरुस्ती करण्याचे प्रयोग चालू आहेत. फिलाडेल्फियाचे बाळ त्याच वाटेने बरे होत गेले. ती वाट रुळली, तर ताईंच्या बाकावरील आईचा हिशेबही बदलेल. मी चारऐवजी दोन लाख घालीन, तीन कंपन्यांत विभागून, आणि एकदम न घालता वर्षभर थोडे थोडे.

दांडियाबाजार
पडझडीत घेणारे सगळेच व्हर्व घेत नाहीत. पडलेले कितीतरी शेअर आणखी पडतात. परंतु पैसा आपला आहे आणि दोन लाखांवर मी भांडत नाही.

फक्त कागद नीट ठेवा. रक्कम दहा लाखांच्या आत असल्याने पाठवताना टीसीएस हा आगाऊ कर कापला जाणार नाही. शेअर 24 महिन्यांहून अधिक ठेवले तर नफ्यावर साडेबारा टक्के कर आहे, आधी विकले तर आपल्या स्लॅबप्रमाणे. आपण आजवर आयकराचा ‘सहज’ हा सोपा फॉर्म भरत असाल, तर तो आता चालणार नाही. एक शेअर असला आणि त्यावर एक पैसाही मिळाला नसला, तरी विवरणपत्रातील परदेशी मालमत्तेचे परिशिष्ट भरावे लागते, आणि ते आर्थिक वर्षाचे नसून जानेवारी ते डिसेंबरचे असते, जिथे हमखास चुका होतात.

मांडवीकर
इंटेलियापेक्षा या परिशिष्टाचीच मला अधिक धास्ती वाटू लागली आहे. जुलैत कागद घेऊन आपल्याकडेच येईन. फी आताच सांगून ठेवा, म्हणजे ती त्या दोन लाखांतूनच वजा करतो.