जुळं आहे, दर पंधरा दिवसांनी सोनोग्राफी सांगितली आहे, मदत हवी आहे

चिंचगूळ:
नमस्कार, पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकीच्या विभागात असेल तर ॲडमिननी हलवावा. मला जुळं आहे. आमच्या चिपळूणच्या डॉक्टरबाई म्हणाल्या की आता दर पंधरा दिवसांनी सोनोग्राफी करायची आणि ती पण इथे नाही, कऱ्हाडला फीटल मेडिसिनवाल्यांकडे (पोटातल्या बाळाची खास तपासणी करणारे डॉक्टर). माझ्या जावेच्या पूर्ण नऊ महिन्यांत तीन की चारच झाल्या होत्या. सासूबाई म्हणतात एवढ्या सोनोग्राफ्या बाळांना बऱ्या नव्हेत, मिस्टर म्हणतात सांगितलंय तर जाऊ, आणि डॉक्टरबाईंना विचारलं तर "जुळ्यात लागतंच" म्हणून पुढच्या पेशंटला बोलावलं. खरंच लागतं का? ज्यांना जुळी आहेत त्यांनी सांगा तपासणीला काय काय करतात. परवा जायचंय, लवकर सांगा प्लीज.

डोंगरवाट:
कितवा महिना? वय काय? आधीचं मूल आहे का? बीपी, थायरॉईड काही? एवढं तरी लिहा हो, नाहीतर सांगणार काय.

जुळ्यांची_आई:
अभिनंदन गं! माझ्या मुली आता सहावीत आहेत. मला महिन्यातून एकदाच सोनोग्राफी होती, काही अडलं नाही, दोघी छान अडीच अडीच किलोच्या झाल्या. पंधरा दिवसांनी म्हणजे मला तरी पैसे काढायचं काम वाटतंय. दुसऱ्या डॉक्टरांना दाखव एकदा.

पाटावरवंटा:
जुळ्यात हिमोग्लोबिन भराभर उतरतं, ते आधी बघ. ११ च्या खाली जाऊ देऊ नकोस. लोहाची गोळी चहासोबत अजिबात घ्यायची नाही, लिंबूपाण्यासोबत घे, आणि कॅल्शियमची वेगळ्या वेळेला. नाचणीची आंबील, अंडं, डाळी हे सगळं चालू ठेव. एका वेळी जास्त जात नाही कारण पोट वर दाबतं, म्हणून दर दोन तासांनी थोडं थोडं खा. वजन साधारण असेल तर जुळ्यात १७ ते २५ किलो वाढायला हवं असं धरतात, तेव्हा वाढलं की घाबरू नकोस.

निळीशाई:
@चिंचगूळ, बाकी सगळं बाजूला ठेव आणि एकच सांग. वार (प्लासेंटा) एक आहे की दोन? जुळ्यातली सगळी तपासणी त्याच्यावर ठरते. ते माहीत नसताना महिन्याने की पंधरा दिवसांनी यावर कोणी काहीही सांगितलं तरी उपयोग नाही.

चिंचगूळ:
पाचवा लागलाय. वय २७, पहिलंच. वारेचं मला कोणी काही बोललं नाही. रिपोर्ट सगळे इंग्रजीत आहेत. मी फक्त एवढंच विचारलंय की इतक्या सोनोग्राफ्यांनी बाळांना त्रास होतो का.

निळीशाई:
त्रास होत नाही. सोनोग्राफीत आवाजाच्या लहरी असतात, एक्स-रेसारखं रेडिएशन नसतं. सासूबाईंना हे सांग. आता तिसऱ्या महिन्यातला एनटी स्कॅनचा रिपोर्ट काढ, ११ ते १४ आठवड्यांत झाला असेल तो. त्यात मोनोकोरिऑनिक किंवा डायकोरिऑनिक असा शब्द असेल, नाहीतर नुसतं एमसीडीए किंवा डीसीडीए. टी साइन किंवा लॅम्डा साइन असंही लिहितात. जे असेल ते इथे लिही.

कागदीहोडी:
मॅटर्निटी लीव्हचं पण आत्ताच बघून ठेवा. जुळी झाली म्हणून रजा दुप्पट मिळत नाही. २०१७ च्या दुरुस्तीनंतर २६ आठवडे, त्यातले जास्तीत जास्त ८ बाळंतपणाच्या आधी घेता येतात. जुळ्यात शेवटी शेवटी उठवत बसवत नाही त्यामुळे ते ८ आठवडे लागतातच.

चिंचगूळ:
मी नोकरी करत नाही. रिपोर्ट सापडला. "मोनोकोरिऑनिक डायॲम्निओटिक, टी साइन सीन" असं आहे. गुगल केलं तर फार भयंकर काय काय येतंय, रडू आलं. हे काय आहे??

निळीशाई:
रडू नकोस गं, नीट वाच. म्हणजे दोघांना मिळून एकच वार आहे, पण पाण्याच्या पिशव्या वेगवेगळ्या आहेत आणि मधे पातळ पडदा आहे. वार एकच असली की तिच्यातल्या रक्तवाहिन्या आतून एकमेकींना जोडलेल्या असतात. बहुतेक जणींमध्ये देवाणघेवाण सारखी राहते आणि काही होत नाही. पण अशा शंभरातल्या साधारण दहा-पंधरा जणींमध्ये एका बाळाकडून दुसऱ्याकडे रक्त जास्त जायला लागतं. ज्याला जास्त मिळतं त्याला लघवी जास्त होते, त्याच्याभोवती पाणी वाढतं, दुसऱ्याचं पाणी आटतं. याला टीटीटीएस म्हणतात. हे थोड्या दिवसांत पण होऊ शकतं म्हणून सोळाव्या आठवड्यापासून दर दोन आठवड्यांनी बघतात. तुझ्या डॉक्टरबाईंनी वेळेवर आणि बरोबर ठिकाणी पाठवलंय, फक्त समजावून सांगायला हवं होतं.

तिथे काय बघतील: दोघांचं वाढीचं माप आणि वजनातला फरक, प्रत्येकाच्या पिशवीत पाण्याची सगळ्यात खोल जागा किती (एकाकडे २ सेंमीच्या खाली आणि दुसऱ्याकडे ८ च्या वर गेलं की धोक्याची खूण), दोघांचं मूत्राशय भरलेलं दिसतंय का, नाळेतलं रक्त कसं वाहतंय ते डॉप्लरवर. कदाचित गर्भपिशवीच्या तोंडाची लांबी पण, कारण जुळ्यात कळा लवकर सुरू होण्याची भीती असते. शिवाय तुझा ॲनॉमली स्कॅन जवळ आलाय, त्यात दोघांचे सगळे अवयव बघतात, त्याला वेळ लागतो, घाई करून निघू नका. एकाच वारेच्या जुळ्यांत हृदयाचा वेगळा स्कॅन पण सुचवतात.

मधल्या दिवसांत पोट एकदम फुगल्यासारखं, ताणल्यासारखं वाटलं किंवा दम लागायला लागला तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही, लगेच फोन करायचा. लवकर सापडलं तर यावर लेझरचा उपचार आहे, मुंबईसारख्या मोठ्या शहरात होतो.

जुळ्यांची_आई:
एवढं घाबरवायची गरज नव्हती. ती आधीच रडतेय. आणि माझ्या वेळी यातलं काही नव्हतं तरी सगळं व्यवस्थित झालं ना.

निळीशाई:
ताई, तुमच्या रिपोर्टवर काय होतं? दोन वारा असतील तर महिन्याने बघणंच बरोबर, तुमच्या डॉक्टरांनी बरोबरच केलं. तिची केस वेगळी आहे.

जुळ्यांची_आई:
दोन होत्या. पण म्हणून खर्चाचं बोलूच नये असं नाही. दर वेळी गाडी, स्कॅनची फी, मिस्टरांची सुट्टी, हे काय कमी आहे का.

थेम्सकाठ:
मी इंग्लंडमध्ये आहे, माझी पण एकाच वारेची जुळी. इथे एनएचएसमध्ये (सरकारी आरोग्यसेवा) पेशंटला एक पैसा लागत नाही, तरी सोळाव्या आठवड्यापासून दर दोन आठवड्यांनीच स्कॅन होते. त्यामुळे हा पैसे काढायचा प्रकार नाही हे नक्की. दर वेळी बीपी आणि लघवीतलं प्रोटीन पण बघायचे.

तांबडीमाती:
पावसात कुंभार्ली घाटातून पोटुशी बाईला घेऊन जाताय तर पहाटेच निघा, दरड आली की गाड्या तासन्तास अडकतात. गाडीत पाणी, खाणं, उशी ठेवा. खर्चाचं म्हणाल तर रक्त, लघवी, बीपी वगैरे सरकारी दवाखान्यात होतं, दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात डॉक्टर तपासतात, फुकट. आशाताईंकडे नाव नोंदवलंय ना? माता बाल कार्डावर "जुळं" असं लिहून घ्या. आणि १०२, १०८ दोन्ही नंबर घरात सगळ्यांना पाठ पाहिजेत.

पाटावरवंटा:
आमच्या आजीनं आम्हाला जोडकेळं कधी खाऊ दिलं नाही, जुळी होतात म्हणून. तुमच्याकडे पण आहे का हे?

डोंगरवाट:
आमच्याकडे पण होतं. पण हे अवांतर झालं, वेगळा धागा काढा.

चिंचगूळ:
नोंदवलंय नाव. अजून एक, रात्री घ्यायला इकोस्प्रिन दिलीय. दुकानदार म्हणाला रक्त पातळ करायची गोळी आहे. मी अजून सुरू केली नाही.

कागदीहोडी:
रक्त पातळ करायची गोळी गरोदरपणात? नकोच घेऊ, रक्तस्राव झाला तर?

थेम्सकाठ:
कृपया असे सल्ले देऊ नका. मला पण दिली होती. जुळ्यात बीपी वाढून झटके येण्यापर्यंत जाण्याचा धोका एका बाळापेक्षा जास्त असतो, तो कमी करायला ही कमी डोसची ॲस्पिरिनची गोळी बाराव्या आठवड्याच्या आसपास सुरू करतात.

निळीशाई:
+१. चिंचगूळ, उद्या सकाळीच डॉक्टरबाईंना फोन कर, सुरू केली नाहीये हे स्पष्ट सांग, पित्ताचा किंवा दम्याचा त्रास असेल तर तेही सांग, आणि त्या म्हणतील तसं कर. डोकं खूप दुखलं, डोळ्यापुढे चमकलं, चेहरा हात एकदम सुजले तर तेव्हाही लगेच दवाखाना.

डोंगरवाट:
जुळं म्हणजे सिझरच होणार, मनाची तयारी ठेवा.

थेम्सकाठ:
असं काही नाही. पहिल्या बाळाचं डोकं खाली असेल तर नॉर्मल पण होतं, माझं झालं. एकाच वारेच्या जुळ्यांचं बाळंतपण ३६ आठवड्यांच्या आसपास करतात, दोन वारा असतील तर ३७. दिवस त्या हिशोबानं मोजा, आणि जिथे बाळंत होणार तिथे एनआयसीयू (नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग) आहे का ते आत्ताच विचारा.

चिंचगूळ:
सासूबाईंना सगळं वाचून दाखवलं, आता त्या पण येतो म्हणतायत. गोळीचं विचारते. परवा जाताना काय काय न्यायचं?

निळीशाई:
आधीचे सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून, आधार कार्ड, गोळ्यांची चिठ्ठी. फॉर्म एफवर दर वेळी सही करावी लागते, तो पीसीपीएनडीटी म्हणजे गर्भलिंग तपासणी बंदीच्या कायद्याचा भाग आहे, मुलगा मुलगी कोणी विचारायचं नाही हे सासूबाईंना पण सांगून ठेव. स्कॅन झाल्यावर दोघांच्या पाण्याचे आकडे विचारून वहीत लिही, आणि रिपोर्टची कॉपी चिपळूणला नक्की दे. रात्री अपरात्री काही झालं तर तूच आधी तिथे जाणार आहेस.

मोगरा_२:
धागा वाचून विचारतेय, मला पण जुळं आहे, आठवा आठवडा. सोनोग्राफीत दोन पिशव्या दिसल्या एवढंच सांगितलं. एक वार की दोन हे आत्ता कळतं का?

निळीशाई:
बऱ्याचदा कळतं, पण ११ ते १४ आठवड्यांच्या स्कॅनमध्ये ते नक्की करून रिपोर्टवर लिहून घ्या. नंतर पोट वाढलं की मधला पडदा बघून सांगणं अवघड जातं. पिशव्या म्हणजे नेमक्या कशाच्या म्हणाले ते?